एका माणसापुरतं पातेलं

१४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबांना जाऊन चार महिने झाले. अजून दुपारी दोन वाजले की हात आपोआप औषधाच्या डब्याकडे जातो. परवा वॉर्डात एकाच पेशंटचा रक्तदाब तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा आकडा विसरले. मेट्रनबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, साठलेली रजा घ्या, नाहीतर मी सक्तीने पाठवीन.

म्हणून ठरवलं आहे की वीस फेब्रुवारीला निघून नऊ दिवस डोंगरात चालायचं. एकटीने, पाठीवर तंबू घेऊन. हसून घे एकदाचा. वाट आखलेली आहे, दगडांवर खुणा रंगवल्या आहेत, मधूनमधून गावं लागतात. मला फक्त अशा ठिकाणी बसायचंय जिथे कोणी घंटी वाजवून बोलावणार नाही.

तू तीस वर्षं जमिनी मोजत माळावर तंबूत राहिलास, म्हणून विचारते. स्वयंपाकाला भांडं कोणतं नेऊ? दुकानात भिंतभर भांडी टांगली होती. विक्रेता एकात एक बसणारी सात भांडी काढून दाखवायला लागला. मी म्हटलं, मला जेवायचंय, खानावळ काढायची नाही. तो हसला, पण सात भांडी काही आत ठेवेना. सामान नऊ किलोच्या वर नको. चार वर्षं बाबांना उचलून बसवण्यात कंबर कामातून गेली आहे.

तब्येतीला जप. लोभ आहे तेवढा टिकव, वाढवायचं त्राण सध्या माझ्यात नाही.
ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो नाही. नकाशा काढून तुझी वाट बघितली. चौथ्या दिवशी तळं लागतं, तिथे पाणी चांगलं असेल.

आता भांड्याचं. एकच घे. मी पहिल्या नोकरीत चार भांड्यांचा संच वागवला आणि वर्षभर त्यातलं एकच वापरलं, बाकीची नुसती वाजायची. एका माणसाला पाऊण ते एक लिटरचं पुरतं. उंच पेल्यासारखं घेऊ नकोस, ते कलंडतं आणि ढवळायला चमचा पोचत नाही. बूड रुंद असावं, म्हणजे आच वाया जात नाही. टायटॅनियमचं फार हलकं असतं, नुसतं पाणी उकळायचं तर उत्तम, पण पत्रा पातळ, भात मधोमध करपतो. तू भात केल्याशिवाय राहायची नाहीस, तेव्हा कडक मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम घे. पन्नास-साठ ग्रॅम जास्त भरेल, भरू दे. झाकण घट्ट हवं, मूठ दुमडणारी हवी. गॅसचा छोटा डबा आणि शेगडीचं डोकं पातेल्याच्या आत बसतं का, ते दुकानातच घालून बघ. वेगळं ताट नको, पातेल्यातच खायचं. आणि निघण्याआधी एकदा घरी त्यात पूर्ण जेवण करून बघ.

मीही आलो असतो, पण गुडघ्याच्या ऑपरेशनपासून जिना दिसला तरी मी विचारात पडतो.

तुझा लोभ कमी झाला तर कळव, मी सवय करून घेईन.
धाकटा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पातेलं आणलं. नऊशे मिलिलिटर, झाकणासकट दोनशे दहा ग्रॅम. डबा आणि शेगडी आत बसते, वर हातपुसणं कोंबलं की वाजत नाही. गॅलरीत भात केला, चांगला झाला. विक्रेत्याला तुझे सगळे प्रश्न विचारले, तर त्याने मला नोकरी देऊ केली.

आता दुसरं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बूड किती रुंद, पत्रा किती जाड, मूठ कशी, किती बारकाईने लिहिलं आहेस. बाबा चार वर्षं अंथरुणाला होते. तेवढ्या काळात तुझी जी पत्रं आली त्यांत त्यांच्याविषयी एकच ओळ असायची, प्रकृती कशी आहे ते कळवावे. गुडघ्याचं ऑपरेशन आठ महिन्यांपूर्वीचं. त्याआधीच्या साडेतीन वर्षांचं काय?

भांडायचं नाही मला. लिहिलं आहे ते परत वाचत बसले तर फाडीन, म्हणून तसंच पाकिटात घालते.
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं आहे.

दुसऱ्या वर्षी मी येऊन गेलो, ते आठवत असेल. तू कामावर होतीस. शेजारच्या बाई बाबांपाशी बसल्या होत्या, त्या मी आल्यावर घरी गेल्या. बाबांनी मला ओळखलं नाही. त्यांनी विचारलं, साहेब, मोजणी झाली का? मी म्हणालो, झाली. तर म्हणाले, उन्हातून आलात, पाणी प्या. मला अहो-जाहो करत होते. त्या बाई परत येईपर्यंत थांबलो आणि निघालो. तुला कळवलं की बस लवकरची होती. त्यानंतर दर वेळी काहीतरी निमित्त काढलं. गुडघा हे शेवटचं, आणि तेवढं एकच खरं. तुझ्यावर सगळं पडतंय हे मला रोज कळत होतं.

तळ्याच्या पलीकडून गाडीरस्ता जातो. तिथून दोन किलोमीटर चाल आहे. तेवीस तारखेला मी तिथे येतो. उत्तर यायला आता वेळ नाही. मी नको असलो तर लांबूनच हात कर, मी मागे फिरेन.
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घरी पोचले. काल कामावर रुजू झाले. मेट्रनबाईंना सांगितलं की सहा महिने वॉर्ड नको, मला लसीकरणाच्या खोलीत बसवा. त्या लगेच हो म्हणाल्या. इतके दिवस मीच विचारलं नव्हतं.

तिथे बोलले नाही ते लिहिते. तू काठी टेकत येताना मला खूप लांबून दिसला होतास. वीस-पंचवीस पावलं टाकून थांबत होतास. हात करून तुला परत पाठवावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, हा तेवढंच अंतर परत कसा चालणार? म्हणून बसून राहिले. माया दाटून आली वगैरे काही नाही, सरळ सांगते.

तू आल्या आल्या माझी शेगडी पेटवलीस, भात टाकलास, बटाटे चिरून घातलेस. आधी मी जेवले, मग तू पुन्हा टाकलास. चार वर्षांत माझ्यासाठी कोणी काही शिजवलं नव्हतं. मी तोंड फिरवून तळ्याकडे बघत खात होते, ते तुला मीठ कमी पडल्यामुळे वाटलं आणि तू तीनदा विचारलंस. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर मी पुढे चाललेच नाही. उरलेले दिवस तिथेच काढले. जेवायचं आणि झोपायचं, एवढंच केलं. मग तुझ्याच वाटेने रस्त्यावर येऊन गाडी धरली.

तुला माफ केलं असं लिहायला घेतलं होतं. ते अजून पुरतं खरं नाही, म्हणून खोडलं.

बाबांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. एकटीने व्हायचं नाही. पुढच्या शनिवारी ये, दोन-तीन दिवस राहायच्या बेताने. खालच्या खोलीत तुझी गादी घालून ठेवते, म्हणजे जिना चढायला नको.

वाट बघते.
ताई