अप्पांची उचकी आणि लाल औषध

तीर्थरूप काकांना,

पुतण्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढाच). तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल अशी आशा आहे. झालं नसेल तर हे पत्र काकूंनी मोठ्याने वाचून दाखवावं, ताजा कलम मात्र तुम्ही स्वतः भिंग लावून वाचावा. इकडे सगळे ठणठणीत आहेत. औषधाच्या दुकानदाराने असं लिहिणं म्हणजे हलवायाने गावात कुणाला गोड आवडत नाही म्हणण्यासारखं आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं.

तुम्ही दुकानाकडे पाठ फिरवून घड्याळं दुरुस्त करायला निघून गेलात त्याला आता जमाना लोटला, तेव्हा सध्या इथे कोण कुठे बसतं ते आधी सांगतो. आजोबांच्या खुर्चीवर अप्पा बसतात. अप्पांच्या खुर्चीवर रीतीप्रमाणे मी बसायला हवं, पण तिथे माझी लेक छकुली बसते. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती काउंटरखाली रिकाम्या खोक्यांत लपायची. आता फार्मसीची परीक्षा देऊन आली आहे, तिचं सर्टिफिकेट काच लावून भिंतीवर टांगलंय आणि कायद्याच्या दृष्टीने दुकान तिच्या जिवावर चालतं. आजोबांचा फोटो त्यासाठी थोडा डावीकडे सरकवावा लागला. मी उभा असतो. कुठली बाटली वरच्या फळीवरून काढायची असली की दोघांनाही माझी आठवण येते.

आता लाल औषध. आजोबांनी शोधून काढलेलं, दुकानाच्या मागच्या खोलीत पितळेच्या पातेल्यात उकळलेलं, खोकला, पोटदुखी, अंगावर उठणारं पित्त आणि परीक्षेची भीती या सगळ्यांवर एकच. अप्पांनी ते तसंच पुढे चालवलं. ज्या दिवशी पातेलं चढायचं त्या दिवशी आमच्या गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत जाऊन बसायची. अप्पा मात्र बाटलीला बूच लावून गिऱ्हाइकाच्या हातात देताना न चुकता म्हणायचे, "मधासारखं लागतं. मुलं मागून घेतात." हे त्यांना आजोबांनी सांगितलं होतं. स्वतः त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं, कारण आपल्या घराण्यात औषध घ्यायची पद्धतच नाही. आजोबा नव्वदीपर्यंत गरम पाण्यावर जगले. अप्पांना ताप आला तरी ते पांघरूण घेऊन तापाशी बोलणी करत बसतात.

छकुलीने आल्या आल्या सांगितलं की हे औषध बंद करावं लागेल. परवाना नाही, तपासणी नाही, बाटलीवर शेवटची तारीख नाही. अप्पा म्हणाले, जे कधी बिघडत नाही त्याला शेवटची तारीख कसली. ती म्हणाली, जे आधीच बिघडलेलं असतं तेही पुढे बिघडत नाही. झालं. अप्पांनी जाहीर केलं की ज्या दिवशी लाल औषध जाईल त्या दिवशी आपणही दुकानाची पायरी उतरू. तेव्हापासून अप्पांचं आणि नातीचं बोलणं बंद. म्हणजे बोलत होते, पण माझ्यामार्फत. दोघं हाताच्या अंतरावर बसलेली, आणि मी मधे उभा राहून "अप्पा विचारतात, कापूस कुठे ठेवलास" आणि "ती सांगते, तुमच्या कोपराखाली आहे" असे निरोप पोचवत होतो. (टपालखात्यात असतो तर एव्हाना पेन्शन लागली असती.)

अशात एका सकाळी पोस्टमास्तरांना गुडघ्याच्या मलमाबद्दल समजावून सांगताना अप्पांना उचकी लागली. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. अप्पांनी "दिवसातून दोन वेळा" सांगताना मधे उचकी आली, तर पोस्टमास्तरांनी चार वेळा असं ऐकलं आणि संध्याकाळी गुडघा लाल करून आले. तोवर इकडे उचकी चालूच होती. जेवताना, पेपर वाचताना, अगदी झोपेतसुद्धा. आमच्या हिने पलंगाच्या पायांखाली पुठ्ठे घातले, कारण दर उचकीला पलंग भिंतीवर आपटत होता.

मग गाव लोटलं. इतकी वर्षं ज्यांना आपण औषधं दिली ते सगळे आता परतफेड करायला आले. श्वास कोंडा, जिभेखाली साखर धरा, पेल्याच्या पलीकडच्या कडेने पाणी प्या. (हे शेवटचं अप्पांनी केलं आणि सगळं पाणी कानात गेलं.) शिंपीणबाई म्हणाल्या, कुणीतरी आठवण काढतंय, नावं घेऊन बघा. घेतली. सगळे पाव्हणे, सगळे शेजारी, वर गेलेलेसुद्धा झाले. काका, तुमचं नाव घेतल्यावर एक उचकी खरोखर चुकली. आम्ही एकमेकांकडे आशेने पाहिलं, तेवढ्यात दोन एकदम आल्या. यावरून तुम्ही आठवण काढत होता की नव्हता, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

पोस्टमास्तरांचा भर घाबरवण्यावर होता. ते मागच्या दाराने पावलं न वाजवता आले आणि अप्पांच्या कानाशी त्यांनी फुगवलेली कागदी पिशवी फोडली. अप्पांचा हात उडाला तो थेट टाल्कम पावडरच्या डब्यांच्या मनोऱ्यावर, जो छकुलीने आदल्याच दिवशी मोठ्या हौसेने रचला होता. धुरळा खाली बसला तेव्हा काउंटरमागे दोन पांढरीफेक माणसं उभी होती. त्यातल्या एका माणसाच्या तोंडातून दर थोड्या वेळाने पावडरीचा लहानसा ढग बाहेर पडत होता, त्यावरून अप्पा कोणते ते कळलं.

हसलो खरे, पण दोन-तीन दिवसांत हसू मावळलं. अप्पांच्या पोटात अन्न ठरेना. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. डॉक्टर घरी येऊन गेले, गोळ्या लिहून दिल्या आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की या वयात असंच चालू राहिलं तर शहरात नेऊन दाखल करावं लागेल. अप्पांनी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, किंमत बरोबर आहे म्हणाले आणि परत फळीवर ठेवून दिलं. "मी औषध देतो, घेत नाही." मी हात जोडले, ही रडली, ते हलले नाहीत. आणि दुकानातही फरक जाणवायला लागला. ज्याची स्वतःची उचकी जात नाही तो आपला खोकला काय घालवणार, असं लोक तोंडावर म्हणत नव्हते, पण समोरच्या नव्या औषधाच्या दुकानाची दारावरची घंटी दिवसभर वाजत होती. अप्पांना ती ऐकू येत होती. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

शनिवारी सकाळी, दुकान भरलेलं असताना, छकुली उठली आणि महिनाभरात पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. "अप्पा, गोळी नको ना? राहिलं. आपलं लाल औषध घ्या."

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण उचकी पडली.

"ते खोकल्याचं आहे," अप्पा खुर्ची परत फिरवून म्हणाले.

"बाटलीवर तर सगळ्यावर चालतं असं लिहिलंय. की तुमचा भरवसा नाही?"

काका, मी त्यांच्याकडे बघत होतो. मागे आजोबांचा फोटो, पुढे सगळं गाव. पळायला वाट नव्हती. त्यांनी बाटली हलवली, बूच काढलं, चमचा काठोकाठ भरला आणि तोंडात टाकला.

पुढचं लिहायला शब्द अपुरे आहेत. आधी डोळे मोठे झाले. मग नाक एका बाजूला गेलं आणि हनुवटी दुसऱ्या. कान मागे सरकलेले मी प्रत्यक्ष पाहिले. एक हात हवेत काहीतरी शोधत होता, तो मी धरला. शेवटी गळ्यातून ते खाली उतरल्याचं दिसलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आम्ही वाट पाहत राहिलो. उचकी आली नाही. आणखी थांबलो. नाहीच आली. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि जो तो म्हणायला लागला, मलाही एक बाटली द्या.

अप्पांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ते शिंपीणबाईंकडे वळले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही हे लग्न होऊन आलात तेव्हापासून नेताय. कसं पिता?"

शिंपीणबाईंनी पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या, "पीत नाही, अप्पा. मशीनच्या चाकाला लावते. गंज फार छान निघतो."

त्या बोलल्या आणि बांधच फुटला. पोस्टमास्तर ते कुंपणाच्या कडेने ओततात, मुंग्या येत नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेचे बाक त्याने पुसून घेतले होते, शाईचे डाग गेले. एकजण मोरीत टाकतो. प्यायलेला असा दुकानात एकही निघाला नाही.

"मग नेत का होता?" अप्पांनी विचारलं.

जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. शेवटी शिंपीणबाईच म्हणाल्या, "तुमचे वडील इतक्या मायेने हातात ठेवायचे. नंतर तुम्ही. नको कसं म्हणायचं?"

अप्पा उठून मागच्या खोलीत गेले. मी दाराशी उभा राहिलो, आत जायचा धीर होईना. खांदे हलताना दिसत होते. जवळ गेलो तर कळलं की ते हसतायत, तोंडावर रुमाल दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पातेलं त्यांनीच उचललं, उपडं करून कोपऱ्यात ठेवलं, बाहेर आले आणि नातीला म्हणाले, "बंद. तुझं बरोबर होतं." तिने महिनाभर याच्यासाठी भांडण केलं होतं. ते ऐकलं मात्र, आणि ती त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली की गिऱ्हाइकांना आम्ही आमच्याच दुकानातला कापूस वाटला.

तर असं सगळं गोड झालं. पावडर अजून फटींतून निघते आहे. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. मुद्द्याचं राहिलं. अप्पा पायरी उतरलेले नाहीत. उलट त्या दिवसापासून आपण न चाखलेलं औषध विकायचं नाही असा त्यांनी नेम केला आहे. दुकानातलं प्रत्येक सिरप बोटाने चाटतात आणि मग गिऱ्हाइकाला खरं सांगतात. काल एका आईला म्हणाले, "हे नेऊ नका, ओला खडू चोखल्यासारखं लागतं. आणि ते हिरवं तर मला पुढच्या जन्मीही नको." मी दिवसभर कपाळाला हात लावून बसतो. तेव्हा काका, त्यांना महिना-दोन महिने तुमच्याकडे बोलावून घ्या. बोलावणं तुमच्याकडून यावं. तुम्हाला एकटं वाटतं, असं काहीतरी लिहा. मी लिहिलं हे कळू देऊ नका.

ता. क. दुसरा (अक्षर बदललंय ते माझं, तुझ्या थोरल्या भावाचं). चिरंजीव धाकट्यास आशीर्वाद. पाकीट उघडंच होतं, त्यात माझा दोष नाही. याने लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे. फक्त हे लिहायचं राहिलं की समोरच्या दुकानातली माणसं आता चव विचारायला माझ्याकडे येतात आणि आलीच आहेत तर इथूनच घेऊन जातात. छकुलीला जेवायलाही फुरसत नाही, मला तर नाहीच. रिकामा आहे तो हा. दिवसभर मधे उभा राहतो आणि पत्रं लिहितो. तेव्हा न्यायचंच असेल तर याला ने. गुरुवारच्या गाडीत बसवून देतो, उतरवून घे. स्वभावाने गरीब आहे, त्रास देणार नाही. आजारी पडला तर मात्र गोळी कुटून गुळातून दे. तीन पिढ्यांचा औषधवाला आहे, पण त्याला अजून गोळी गिळता येत नाही.