कटलेल्या पतंगी आणि रिकाम्या कांड्या

नाना, मला तुमचा राग आहे. सुरतेत, उधन्याच्या कामगार सभांमध्ये मी लूममालकांवर तुटून पडतो, पण हा राग मी कधी कोणापुढे काढलेला नाही.

त्या सकाळी तुम्ही रातपाळी करून आलात आणि चहा घेऊन माझ्या मागे बसलात. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी मी पतंगांचा गेम केला होता. पतंगी उडायच्या, कटायच्या आणि दर काही सेकंदांनी सगळं आकाश गचकन थांबायचं. गेम एका कंपनीच्या तयार फ्रेमवर्कवर बांधलेला. त्यात वापरून सोडलेली मेमरी आपण आवरायची नसते. फ्रेमवर्कच अधूनमधून खेळ थांबवून तो कचरा गोळा करतं. पंधरा दिवस पुस्तकं चाळूनही मला उपाय सापडत नव्हता. तुम्ही विचारता, “कटेल पतंग कोठे जास?” लूमच्या आवाजाने तुमचे कान गेलेले, म्हणून मी ओरडून सांगतो, टाकून देतो, दर वेळी नवी बनवतो. तुम्ही हसता. “येडा शे का तू? धोट्यामधली सूतनी कांडी रिकामी व्हयनी तं कोनी फेकस का? तिलेच परत भरतस.” आई ओट्याजवळून ओरडते, “सोता चौथी नापास, नि त्याले शिकाडी ऱ्हायनात.”

मी वीसच पतंगी बनवल्या. कटलेली पतंग बाजूला ठेवायची, तीच पुन्हा उडवायची. खेळ एकदाही अडकला नाही.

कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी तुम्ही पाळी बुडवून आलात, दाराशी उभे राहिलात. सरांनी विचारलं, अडकणं कसं घालवलंस? मी म्हणालो, “पुस्तकात वाचलं, सर.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हीही वाजवल्या. परतताना मला लोचो खाऊ घातलात आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाहीत. का नाही काढलात? कामगाराची अक्कल दुसऱ्याच्या नावावर खपते, ती तुमच्यासारखे गप्प राहतात म्हणून खपते. हे मी माइकवरून हजारदा सांगितलं आहे. तुम्हाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

गेल्या रविवारी गेम बनवणाऱ्या मुलांच्या शिबिरात मला बोलावलं होतं. त्यांच्याकडेही त्याच जातीचं फ्रेमवर्क, तेच अडकणं. कामगारांच्या अकलेवर तासभर बोलून झाल्यावर मी त्यांना कांडीचं सांगितलं. एका मुलीने विचारलं, “सर, आपको ये किसने सिखाया?” माझ्या तोंडून पुन्हा पुस्तकच निघालं.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहितो. मालकांनी तुमचे कान नेले, यावर मी इतकी वर्षं गरजतो आहे. पण त्या दिवशी वर्गात “पुस्तकात” म्हणताना मी आवाज मुद्दाम खाली आणला होता. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.