पाण्यावर कुणाला न्यायचं

न्हाय, मला काही हौस आलेली न्हाय ह्या वयात जंगल फिरायची. जावयानं आमच्या डोंगराकडच्या जमिनीवर तंबू ठोकलेत, शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, त्यांच्या भाकऱ्या थापायला मी तिथं असते. एवढंच. आये, तू मला लाकूडफाट्याला न्यायचीस तवा ह्यांच्यातलं कुणी जन्मलंपण नव्हतं. आता त्याच जंगलात शिरायला ह्यांना बूट लागतात, काठी लागते. पक्षी ओरडला की सगळे गप्प, नि त्याचं नाव सापडलं की मग हे ओरडणार.

परवा एक दाढीवाला आला. एकटाच. गळ्यात हा एवढा कॅमेरा. आधी भाकरीची तारीफ केली, मग म्हणतो, "मावशी, उन्हाळ्यात जनावरं प्यायला कुठं जातात?" मी म्हटलं, धरणावर. "धरण लांब आहे. जवळ कुठं कातळात पाणी असेल ना?" "तुला तहान लागलीय का? माठ तिथं हाय." जावई मधे पडला, "आई, अहो पाहुणे आहेत ते." पाहुणा असला म्हणून काय झालं? आये, तुझ्या वेळेला शिकारीला येणारे बंदूकवाले असंच विचारायचे. आधी भाकरी, मग पाणी.

कातळाखालचं ते पाणी तू मला दाखवलंस तवा मी परकरात होते. तू दरवेळी वेगळीकडून शिरतेस, कधी करवंदीतून, कधी ओहोळातून. मला काटे लागतात, मी रडते, सरळ जाऊ म्हणते. तू कानफटात देतेस. "एकाच ठिकाणून गेलं की वाट पडते. वाट पडली की माणूस येतो." उन्हं कलायच्या आत ओंजळभर पिऊन आपण निघतो, कारण त्यानंतरचं पाणी जनावरांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयानं जंगल दाखवायला त्या दाढीवाल्याला माझ्याच गळ्यात घातला. मी त्याला भलतीकडे नेला, सुक्या ओहोळानं वर, डोंगराला वळसा. दमला की परत फिरेल. तर हा मधेच वाकला नि झुडपाच्या बुडातून तारेचा फास उपसला. मी पुढं चालत होते, मला दिसला न्हाय.

"तुला बरा दिसला?"

"मी हेच काढत फिरतो मावशी. भेकरं अडकतात. पाण्याजवळ तर जास्तच लावतात."

"काढणाऱ्याला लावतापण येत असेल."

"येतो की. लावायचा कसा ते कळल्याशिवाय सापडत नाही."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, तिथंच हाकलला असता.

दुपारी मी एकटीच पाण्याकडे निघाले. करवंदीपर्यंत पोचले नि गुडघ्यांनी खालीच बसवली. उठता येईना. तेवढ्यात कातळाच्या बाजूनं भेकर ओरडायला लागलं. भ्यायलं की ओरडत लांब पळतं ते. हे जागेवरूनच ओरडत होतं, मधेच पाल्यात धडपडत होतं. मी झाडाला धरून उठले नि मागं फिरले. त्या दाढीवाल्याला बोलवायला.

म्हटलं, कॅमेरा इथंच ठेव, मोबाईल तांदळाच्या डब्यात टाक. त्यानं एक शब्द न विचारता टाकला. त्याचापण मला संशयच आला. त्याच्या खांद्याला धरून गेले. भेकराचा पाय सोलून निघाला होता. ह्यानं त्याच्या डोक्यावर आपला शर्ट टाकला नि तार तोडली. ते उठलं, आपटलं, परत उठलं नि लंगडत गेलं. पाण्याच्या कडेनं अजून फास होते, ते काढेस्तोवर सांज झाली. येताना मी त्याला दुसरीकडून आणला, काट्यांतून. हू की चू केलं न्हाय. तंबूजवळ आल्यावर म्हणतो, "परत लावतील मावशी. अधूनमधून बघायला लागेल." मी तांदळाच्या डब्यातनं मोबाईल काढून त्याच्या हातात दिला.

तो गेला. आता माझ्याशिवाय आणखी एकाला ते पाणी ठाऊक हाय, नि तो कुठल्या गावचा हेपण मी विचारलेलं न्हाय. परत येईल तवा एकटाच येईल की चौघांना घेऊन, काय माहीत. पण माझ्यानं एकटीनं आता तिथवर जाववत न्हाय. हे जावयाला सांगितलेलं न्हाय, तुला सांगते. पोस्टात टाकायला तुझा पत्ता न्हाय, तवा कागद चुलीत जाईल.

पाणी किती उरलंय, कोण कोण प्यायला येतं, ते मला विचारू नकोस. मी ते कुणाला सांगायची न्हाय. तुलापण न्हाय.