मृगातला लाल तारा

सुरत,
१९ जानेवारी २०२५

चि. तेजस्विनी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि शाळेच्या मैदानाचा फोटो मिळाला. नंदुरबारकडे अजून एवढा काळोख शिल्लक आहे हे बघून हेवा वाटला. आम्ही दोघं बरे आहोत. उत्तरायणाचे पतंग उडवून झाले, गच्चीच्या कठड्याला अजून मांजा लटकतोय. पोंक, म्हणजे आपला हुरडा, भरपूर खाल्ला. आई हल्ली जरा दमते, बाकी ठीक.

फोनवर आई तुला तेच तेच विचारत होती म्हणालीस. तिचं सगळं लक्ष सध्या ताऱ्यात आहे, म्हणून असेल. फार मनावर घेऊ नकोस. फिल्टरचं मात्र पत्रातच लिहितो, कारण मी फोन लावला की ती हातातून घेते आणि विषय राहून जातो.

शाळेच्या दुर्बिणीसाठी कुठले फिल्टर घ्यायचे, तर आधी हे ठरव की मुलांना फोटो काढायचेत की ताऱ्याचा प्रकाश मोजायचाय. ही दोन वेगळी कामं आहेत. तेजोमेघाचे फोटो काढायचे असतील तर हायड्रोजनचा फिल्टर घे. तो लाल रंगाची एक अगदी बारीक पट्टी तेवढी आत सोडतो. आम्ही मृगातला तेजोमेघ त्यातूनच टिपला, तोही बारडोलीला मगनभाईंच्या उसाच्या शेतात, पूर्ण चंद्र असताना. शहरातल्या उजेडावर उतारा म्हणून जे फिल्टर विकतात ते घेऊ नकोस. ते जुन्या पिवळ्या दिव्यांच्या काळात बरे होते. आता सगळीकडे पांढरे एलईडी आलेत, त्यांत सगळेच रंग असतात. आमच्याकडे इच्छापोरच्या बाजूचं अर्धं आकाश दुधासारखं झालंय, आणि त्याला गाळील अशी काच कुणाकडे नाही.

मोजायचं असेल तर एकच घे, व्ही. हिरवट दिसतो तो. जगभरातली माणसं त्याच काचेतून मोजतात, म्हणून तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. दुसऱ्या काचेतून मोजलंत तर तो आकडा फक्त तुमचा. हे मला आईनेच शिकवलं. बँकेतल्या माणसाला कुठलं यातलं काही माहीत असायला!

आता खरी बातमी. आईचा तो मृगातला लाल तारा, इतकी वर्षं ती मोजतेय तो, अचानक उजळलाय. थोडाथोडका नाही. निरीक्षकांच्या गटात तिने लगेच आकडे पाठवले. त्या संध्याकाळी तिने शिरा केला. साखर घालायची राहिली, पण आम्ही हसत हसत खाल्ला.

तुझा,
बाबा

*

सुरत,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. तेजू,
आशीर्वाद.

होळीला येऊ का म्हणून विचारलंस. येऊ नकोस. मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, आणि आम्हीही मगनभाईंकडे जायचं म्हणतोय. बारडोलीची हवा आईला मानवते.

ताऱ्याचं विचारत होतीस. तो उजळला नव्हता.

नाशिकचा चेतन, आपल्या गटात आहे तो, त्याने त्याच आठवड्यात मोजला होता. त्याच्याकडे काहीच फरक नाही. त्याने फार अदबीने लिहिलं, "काका, तुमच्याच फोटोत उजव्या कोपऱ्यात दुसरा एक लाल तारा आहे. तो कधीच बदलत नाही. तुमच्याकडे तोही उजळलेला दिसतोय. फिल्टर तपासून बघता का?" मी त्याला नको ते सुनावलं. "तू जन्मायच्या आधीपासून ही बाई गणित शिकवतेय," असलं काहीतरी. गटात सगळ्यांनी वाचलं.

मग तपासलं. चेतनचं बरोबर होतं. आपल्या दुर्बिणीवरची फिल्टरची चकती हाताने फिरवावी लागते. संगणकाला आपण लिहून देऊ तेवढंच कळतं. लिहिलेलं होतं व्ही आणि समोर होता लाल फिल्टर. लाल ताऱ्याचा प्रकाश लाल काचेतून जास्तच येणार. चकती माझ्याकडून चुकीची फिरली होती. तसं मी गटात कळवलं आणि चेतनची माफीही मागितली.

आईने फारसं मनाला लावून घेतलं नाही. सध्या ती वाचते, झोपते. तिला फोन करशील तेव्हा हा विषय काढू नकोस. आणि संध्याकाळपेक्षा सकाळी कर, सकाळी ती ताजी असते.

इथे उकाडा सुरू झालाय. तुझी तब्येत जप.

बाबा

*

सुरत,
१३ एप्रिल २०२५

तेजू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चकतीला माझा हात लागलाच नव्हता. दुर्बीण आईची आहे, तिला ती मला हातही लावू देत नाही, हे तुला माहीत आहे. तरी तू काही विचारलं नाहीस. तुला संशय आला असेल आणि तू माझी वाट बघत असशील, असं आता वाटतं.

चेतनचा निरोप आल्यावर मी दिवेलागणीला तिच्याबरोबर गच्चीवर गेलो. म्हटलं, "गौरी, चकती बघू या का एकदा?" ती चकतीवर बोटं ठेवून उभी राहिली. फिरवली, परत फिरवली. बराच वेळ झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ही हिरवी काच कशासाठी असते?"

मला वाटलं चेष्टा करतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं.

मी सांगितलं. तिनेच मला जसं सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला सगळं लख्ख आठवत होतं. आदल्या संध्याकाळी काय झालं तेही. ते जास्त वाईट होतं. चहा घेतला आणि म्हणाली, "एकदाच चुकलं असेल असं कशावरून?" आणि संगणकापुढे बसली.

जुने सगळे फोटो तिने उघडले. त्या कोपऱ्यातल्या तारकेवरून चूक पकडता येत होती. ज्या दिवशी ती उजळ, त्या दिवशी काच चुकलेली. मी शेजारी बसून होतो. ती मागे मागे जात राहिली. गेल्या हिवाळ्यात चुका होत्या. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही होत्या, तुरळक. मी म्हटलं पुरे आता. ती म्हणाली, "मला गणित पूर्ण करू द्या." सगळ्या चुकांचे ठिपके तिने तारखांप्रमाणे मांडले. सुरुवातीला एखाददुसरा, पुढे जवळ जवळ, शेवटी सगळेच. मग अगदी वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "हा आलेख ताऱ्याचा नाही."

त्यानंतर मी तिला दवाखान्यात नेलं. डोक्याचे फोटो काढले, घड्याळाचं चित्र काढून दाखवा, शंभरातून सात वजा करत जा, असल्या परीक्षा झाल्या. गणिताच्या बाईला शंभरातून सात वजा करायला लावलं आणि ती दुसऱ्यांदा अडली, तेव्हा मी खोलीबाहेर गेलो. अल्झायमर आहे. या वयाला लवकर आहे म्हणाले. गोळ्यांनी रोगाची चाल थोडी मंदावते, थांबत नाही. डॉक्टर तरुण आहेत, गुजरातीतून फार गोड बोलतात. मी बाहेर पडताना त्यांना विचारलं, परत येणार नाही का काहीच? त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर तिने स्वतः गटाला लिहिलं. दोन वर्षांची सगळी निरीक्षणं काढून टाका म्हणून. मी म्हटलं, त्यांतली निम्मीशिम्मी तरी बरोबर आहेत, दाखवता येतात ती. ती ऐकेना. "ज्यांच्याबद्दल मलाच खात्री नाही ते आकडे दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?" चेतनने फोन केला होता. पोरगा फोनवर रडला. आईच त्याची समजूत घालत होती.

तुला कळवायचं नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. तू नोकरी सोडून येशील आणि तुझ्या शाळेतली ती मुलं तशीच राहतील, ही तिची धास्ती. मी वचन पाळत होतो. होळीला तुला नको म्हटलं ते त्याचसाठी. आम्ही मगनभाईंकडे गेलोही नव्हतो. मगनभाईच इथे येऊन बसले दिवसभर. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, बेनने हवे एकली ना मुकशो." एकटीला सोडायचं नाही, हे मलाही कळतं. पण ती शेजारी बसलेली असते तेव्हाच मला सगळ्यात जास्त एकटं वाटतं, हे त्यांना कसं सांगू?

दिवस कसे जातात ते सांगतो. सकाळी ती बरी असते. वर्तमानपत्र वाचते, कोडं सोडवायला घेते आणि बाजूला ठेवते. दुपारनंतर घरभर काहीतरी शोधत फिरते. काय शोधतेस विचारलं की चिडते. दोनदा जिना उतरून गेली. एकदा खालच्या मालतीबाईंनी फाटकापाशी हात धरून थांबवली, म्हणून सापडली. संध्याकाळी आकाशाकडे बघत नाही. खिडकीचा पडदा ओढून घेते. मी एकदा एकट्याने वर जाऊन दुर्बीण लावून बघितली. तारा सापडला. मोजला नाही. कुणाला दाखवायचा होता?

मला काही सुचत नाही, तेजू. काय केलं असतं तर लवकर कळलं असतं, हे मी रोज शोधतो आणि रोज सापडतं. शिऱ्यात साखर नव्हती तेव्हा मी हसत होतो.

हे पत्र लिहून वचन मोडतोय. काल झालं ते झालं नसतं तर कदाचित मोडलं नसतं.

काल दुपारी तिने कपाटावरचा तुझा फोटो उचलला, तू नोकरीला रुजू झालीस त्या दिवशीचा. पदराने पुसला. मला दाखवून म्हणाली, "ही कुठेतरी शिकवते ना?"

मी म्हटलं, "हो, नंदुरबारला."

"चेहऱ्यावरून हुशार वाटते. तिच्या आईला केवढं बरं वाटत असेल," म्हणाली, आणि फोटो जागेवर ठेवून दिला.

आज सकाळी तिने तुझं नाव घेतलं, बरोबर घेतलं. उद्या घेईल की नाही मला माहीत नाही. तू सकाळच्या गाडीने ये.

वाट बघणारा,
तुझा बाबा