सलीमची माफी कापली

प्रिय बिल्कीस आपा,

तुले आन् अम्मीले सलाम. मी मुंबईत मजेत हाओ, जेवन वेळेवर होते, एवढंच अम्मीले वाचून दाखव. खालचं तुह्यासाठी.

पोलिसांच्या मालिकेत मले सलीम नावाच्या आरोपीचं काम भेटलं होतं. तो बेकसूर असते, ठाण्यात मार खाते, शेवटी इन्स्पेक्टर त्याची माफी मागते. आपल्या उसामाभाईले पोलिसायनं नेऊन मारलं, मंग चुकीचा मानूस म्हनून सोडलं, पन माफी कोनंच मागितली नाही. म्हनून मी हो म्हटलं.

माराच्या वेळी डायरेक्टर म्हने, "ओरडणं खोटं वाटतंय." मंग त्या दिवशी ठाण्याबाहेर आपल्या दोघाले उसामाभाईचं जसं ओरडनं आयकू आलं, तसा मी ओरडलो. सेटवर टाळ्या वाजल्या.

नंतर समजलं, माफीचा सीन काढला. "काहून?" मी विचारलं.

डायरेक्टर म्हने, "साहेब झुकलेला लोकांना आवडत नाही."

"मंग सलीम बेकसूर हाय, हे कसं समजन?"

तो हसला. "आता तो बेकसूर नाहीच."

मी काम सोडलं, पन तो मार दाखवनारच हायेत.

उसामाभाईचा गुडघा कसा हाय? शुक्रवारी तो भाग टीव्हीवर लागन; त्या दिवशी त्याले अंजनगावले मामूकडे पाठव, तिथं टीव्ही नाही.

शेजारचे सूर्यभानकाका पाह्यतीन, तर पाहू दे. "पोलीस उगाच कोनाले नेत नाही," असं ते तवा म्हनले होते. आता मालिकाही तेच सांगते, आन् त्यात मार खानारा मी हाओ.

अम्मीले जप.

तुहा भाऊ,
तनवीर