जास्तीचे पंधरा किलो

५ जानेवारी
जड भरलं! देवा, तुझे उपकार.

आज ह्यांनी स्वतः बांधत असलेल्या विमानाचा सांगाडा न् भंगारातल्या व्हॅनचं इंजिन गेणभाऊंच्या कांद्याच्या वखारीत काट्यावर चढवलं. वर स्वतः बसले. पंधरा किलो जास्त! एसीचा पंप, सायलेन्सर, काढण्यासारखं सगळं आधीच काढलंय. तरी गाडीचं इंजिन ते गाडीचंच – लोखंड, वर पाण्याचा रेडिएटर.

हिशोब प्रबुद्ध भावजींचा. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला. म्हणाले, "इंजिनातनं निघायचं ते निघालं, सुदर्शन. आता तुझ्यातनं काढ. तवर उडायचं नाय."

मी तिथेच हात जोडले. गेणभाऊंना वाटलं, कांद्याच्या भावासाठी.

७ जानेवारी
भात बंद, साखर बंद, बटाटा बंद. पंधरा किलो उतरवणार म्हणे!

मी पण काही कच्च्या गुरूची चेली नाही. भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडलं. म्हणतात कसे, "आज भाकरी लई मऊ झाली गं."

१४ जानेवारी
संक्रांत. सणाला नाही म्हणू नये – चार गुळाच्या पोळ्या गेल्या.

१९ जानेवारी
पाप करतेय का मी? करत असेन तर करतेय!

दिवाळीआधीची गोष्ट. मंचरच्या आमच्या गॅरेजमागे हे इंजिन फुल्ल रेसवर चालवून बघत होते. पट्टा तुटला, पंख्याचं पातं निसटलं आणि पत्र्याच्या भिंतीतून आरपार गेलं. हे पाना उचलायला खाली वाकले होते, म्हणून वाचले. आणि हसत होते! "जमिनीवर तुटला ते बरं झालं, तेजू." म्हणजे वर तुटला असता तर?

तेव्हापासून फोन वाजला की काळजात धस्स होतं. मला नवरा हवाय. भिंतीवर हार घातलेला फोटो नकोय.

२६ जानेवारी
मासवडी केली. रश्श्यावर बोटभर तवंग. "थोडीच दे" म्हणत तीन वेळा घेतली.

२८ जानेवारी
वजन उतरायचं सोडून दोन किलो चढलं! हे बिचारे चक्रावलेत. "अर्धपोटी जगतोय राव, तरी चढतंय. थायरॉइड तपासू का?" उद्या रक्त द्यायला चाललेत.

वाईट वाटलं. फार नाही.

२ फेब्रुवारी
सोडलं! सोडलं! सोडलं!

रिपोर्ट सगळे चांगले आले. हे पायरीवर बसले. म्हणाले, "जाऊ दे तेजू. हे शरीर काय उडायचं नाय." इंजिनावर ताडपत्री टाकून आले. डोळे भरले होते. मी पाठीवरून हात फिरवला, आणि आतून इतकं सुटल्यासारखं वाटलं की मलाच रडू आलं. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी. तसं ते त्यांच्यासाठीच होतं म्हणा.

३ फेब्रुवारी
दिवस चांगला वर येईपर्यंत मी झोपले. कित्येक महिन्यांनी अशी झोप लागली. चहा ह्यांनी केला – साखर घालून!

५ फेब्रुवारी
कामावरून सरळ घरी. गॅरेजमागे फिरकलेसुद्धा नाहीत. किती निवांत वाटतंय! आज भाकरीत तूप नाही घातलं. गरजच काय?

८ फेब्रुवारी
प्रबुद्ध भावजी चहाला आले होते. हे चेष्टेत म्हणाले, "माझं नाय जमलं, आता हिलाच बसवू." भावजींनी चेष्टा घेतलीच नाही. "वैनी, वजन किती तुमचं?" मी सांगून मोकळी झाले. त्यांनी मनातल्या मनात गणित केलं. "बरोबर बसतंय की! पण आधी रीतसर शिकावं लागंल."

मी ओरडणार होते. तोंडातून निघालं, "कधीपासून?"

शपथ, स्वतःसाठी जरासुद्धा भीती वाटली नाही!

रात्री मेथीची भाजी केली होती, ह्यांच्या आवडीची. ताट तसंच आहे. सारखं एकच, "वर पट्टा तुटला तर, तेजू?"