बाबांच्या फियाटचा विमा

डोंबिवली,
५ ऑक्टोबर १९८८

ती. बाबांना,
मालूचा सा. न. वि. वि.

कोर्टाने सहा महिने अडकवलेलं लायसन्स परत मिळालं, हे आईच्या पत्रातून कळलं. पहिल्या दिवशी तुम्ही फियाट नुसती पुसत बसलात, असंही तिने लिहिलंय.

आता कामाचं. गाडीचा विमा संपलाय आणि ठाण्याच्या विमा कचेरीने तुम्हाला नाही म्हटलं. याचं नवल नाही. मी इथल्या विमा कचेरीत नऊ वर्षं मोटारींच्याच फायली बघते. दारू पिऊन कोणाला गाडीखाली घेणारा माणूस आमच्या लेखी धोक्याचा. पण विमा नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि गाडी नाही तर टेंभी नाक्यावरचं तुमचं ड्रायव्हिंग स्कूलही नाही.

गोमाजीमामा म्हणतात, आमच्या कचेरीत अर्ज टाका आणि ‘पूर्वी गुन्हा झाला आहे का’ यापुढे ‘नाही’ लिहा. फाईल माझ्याच टेबलावर येईल, कोणी विचारणार नाही. बाबा, करू का तसं? कोरा फॉर्म सोबत आहे.

उत्तर लगेच धाडा, जीव टांगणीला आहे.
तुमची मालू


ठाणे,
९ ऑक्टोबर १९८८

चि. मालूस,
अ. उ. आ.

फॉर्म भरून पाठवतोय. त्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलंय. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला सगळं लिहिलं. शिमग्याला कोळीवाड्यात प्यायलो, तरी चावी हातात घेतली, शीळफाट्याजवळ सायकलवरच्या परशुराम यांचा पाय मोडला, चूक सगळी माझी. वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणारा माणूस मी.

परशुराम आता कुबडीशिवाय चालतात. मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जातो. आधी ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, हल्ली चहा घेणार का विचारतात. त्या माणसासमोर मान खाली घालून बसलो, मग कागदावर कशाला लपवू?

आणि बाय, तुझी नोकरी तुझ्या कष्टाची. माझी फाईल तू हाताळू नकोस, सरळ साहेबांकडे दे आणि मी तुझा बाप आहे हेही सांग. नाही म्हणाले तर गाडी विकीन, कोणाच्या तरी गॅरेजात काम धरीन.

रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.
बाबा


डोंबिवली,
१८ ऑक्टोबर १९८८

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

साहेबांनी मागची बाजू दोनदा वाचली. मग मला विचारलं, हे लिहायला तुम्ही सांगितलंत का. मी खरं ते सांगितलं, की माझा सल्ला उलटा होता. ते म्हणाले, गाडी मी स्वतः जाऊन बघतो.

काल ते एका दिवसाचं तात्पुरतं विमापत्र घेऊन गाडी बघायला आले तेव्हा तुम्ही त्यांना खोपटपर्यंत फिरवून आणलंत ना? नवरात्राच्या गर्दीतून नेलं आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही, असं ते आज सगळ्या ऑफिसला सांगत होते. विमा मंजूर आहे, पण हप्ता दीडपट, लहानसहान नुकसान तुमचं तुम्ही सोसायचं आणि वर्षभरात एक जरी तक्रार आली तर पुढे विमा नाही.

नऊ वर्षांत त्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिलेला हा पहिला फॉर्म मी पाहिला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी मान खाली घातली नाही. नको ते सुचवलं, त्याबद्दल माफ करा.

दसऱ्याला गाडीला हार घाला, एक माझ्या नावाचा.
मालू


ठाणे,
२६ ऑक्टोबर १९८९

चि. मालूस,
अ. उ. आ.

वर्ष सरलं, एक ओरखडा नाही. विमा पुढे चालू झाला आणि हप्ताही उतरला.

हल्ली नवा माणूस शिकायला आला की आधी त्याला माझा गुन्हा सांगतो. दोघे तसेच परत गेले. महिन्यापूर्वी सुमतीबाई म्हणून एक बाई आल्या, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, आमच्या यजमानांनी घरी सांगितलंय, आणि क्लच कुठला ते विचारू लागल्या. तुझ्या साहेबांची बायको ती.

आजवर तुला खाली बघावं लागेल म्हणून तुझ्या ऑफिसकडे फिरकलो नाही. पुढच्या शुक्रवारी सुमतीबाई डोंबिवलीपर्यंत गाडी चालवणार आहेत आणि मी शेजारी बसणार आहे. दुपारी तीनला ऑफिसच्या दारात उभी राहा. तुझी आई मागच्या सीटवर असेल, तिने आताच साडी काढून ठेवलीय.

भेटीअंती बोलूच, तोवर आठवण असू दे.
बाबा